रोबोटलाही ठोके हवेत

हृदयरोग विभागात परिचारिका असल्याने माझी बोटं सतत कुणाच्या ना कुणाच्या नाडीवर असतात. म्हणूनच परकं शरीर आपलंसं कसं वाटू लागतं आणि त्यात हृदयाच्या ठोक्यांचा काय वाटा असतो, यावरचं संशोधन मला फार जवळचं वाटतं. १९९८ मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन या संशोधकांनी दाखवलं, की लपवलेल्या खऱ्या हातावर आणि समोरच्या रबरी हातावर एकाच वेळी ब्रश फिरवला तर रबरी हात आपलाच वाटू लागतो. पुढे २०१३ मध्ये एका प्रयोगात डोळ्यांसमोर दाखवलेल्या आभासी शरीराभोवतीचा प्रकाश पाहणाऱ्या माणसाच्याच हृदयाच्या ठोक्यांबरोबर लुकलुकवला, तेव्हाही आपलेपणा वाढला. ठोके जुळले नाहीत, की तो कमी व्हायचा!

रुग्णाजवळ असलेल्या रोबोटलाही असे त्या रुग्णाचेच ठोके द्यावेत, म्हणजे तो परका वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं. मात्र रुग्णाला विचारूनच. आणि घाबरलेल्या माणसाला त्याचीच धडधड दाखवू नये. तिथे मी रोबोटचे ठोके जरा संथच ठेवीन.