टेक्सासचा शुक्रवार आणि मैदानाच्या कडेला उभी ॲम्ब्युलन्स

डॅलसला काय काय पाहिलं ते आधी एका दमात सांगून टाकते. केनेडींना गोळी लागली ती जागा, फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये भर रस्त्यातून हाकत नेलेली लांब शिंगांची गुरं, फ्रिस्कोतलं हनुमानाचं देऊळ आणि दोन मॉल जे मला एकच वाटले. झालं. सगळं छान होतं, तक्रार नाही. पण डोक्यातून जात नाहीये ती एका शाळेच्या पोरांची फुटबॉल मॅच.

फुटबॉल म्हणजे तिथला, हेल्मेटवाला. माझी धाकटी बहीण मृणाल डॅलसच्या उत्तरेला राहते, भाची रेवा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे मी पोचल्या पोचल्याच फर्मान निघालं की ताई, शुक्रवारी संध्याकाळी दुसरं काही ठरवायचं नाही. आणि शुक्रवारी ठरवणार तरी काय म्हणा, अख्खं गाव स्टेडियममध्ये. भाचा ईशान सहावीत आहे. तिकडे शाळेची टॅकल टीम, म्हणजे धडकून पाडापाडी करणारी, सातवीपासून सुरू होते आणि त्याला त्यात जायचंय. मृणालचं म्हणणं नाही, तिच्या नवऱ्याचं, समीरचं, म्हणणं बघू. थोडक्यात घरात शीतयुद्ध आणि मी पाहुणी.

गेटवर पहिला अपमान. पर्स आत नेता येत नाही, फक्त पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चालते. सप्टेंबरातल्या त्या उकाड्यात पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत परत चालत गेले, पर्स गाडीत टाकली आणि डायबेटिसच्या गोळ्या, चष्मा, रुमाल असा सगळा संसार उघडा पाडून झिपलॉकच्या पिशवीतून आत नेला. सुरक्षेचं इतकं कौतुक असलेल्या माणसांनी आत मुलांना एकमेकांवर आदळायला उभं केलंय हे मात्र पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

स्टेडियमबद्दल काय सांगू. शाळेचं मैदान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे धूळ, फक्की आणि मोडका गोलपोस्ट. इथे मोठा स्क्रीन, प्रेसची खोली, हिरवंगार कृत्रिम गवत. मी आ वासला तर समीर म्हणाला हे काहीच नाही, ॲलनला चला. दुसऱ्या दिवशी खरंच नेलं. ॲलन हे साधारण लाखभर वस्तीचं गाव, हायस्कूल एकच, आणि त्या हायस्कूलचं स्टेडियम 18,000 सीटांचं, 2012 मध्ये जवळजवळ 6 कोटी डॉलर खर्चून बांधलेलं, तेही लोकांनी मतदान करून मंजूर केलेल्या कर्जातून. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून 2014 च्या सीझनभर ते बंद ठेवावं लागलं, टीमने त्या वर्षी बाहेर खेळून लागोपाठ तिसऱ्यांदा राज्याची चॅम्पियनशिप मारली. गावाने हौस सोडली नाही, उलट शेजारच्या गावाने त्याहून महागडं बांधलं. 

असो. आमच्या मॅचला होमकमिंग होतं, म्हणजे जुने विद्यार्थी शाळेत परत येतात तो सोहळा. मुलींच्या छातीवर कमरेच्या खाली लोंबणारी शेवंतीची अवाढव्य खोटी फुलं, त्याला रिबिनी, घंटा, टेडी बेअर, एकीच्या फुलात तर चक्क दिवे लुकलुकत होते. बाया चालल्या की घुंगरांचा आवाज. फ्रिटो पाय नावाचा प्रकार खाल्ला, चिप्सचं पाकीट आडवं फाडून त्यातच मटणासारखा दिसणारा बीफचा रस्सा आणि चीज ओततात. मी बिनबीफचं मागितलं तर चिप्स आणि चीज मिळालं, पैसे तेवढेच.

आमच्या पुढच्या बाकावर एक बाई होत्या, मुलाच्या नंबरची जर्सी घातलेली, त्यावर त्याच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला. आजूबाजूला अशा बऱ्याच आया होत्या. या बाईंचा आवाज म्हणजे काय विचारता! खेळ मला कळत नव्हता, दर दहा सेकंदांनी थांबतो, बारा मिनिटांचा क्वार्टर पाऊण तास चालतो, पण त्या ओरडल्या की मी टाळ्या वाजवायचे. आमचं जमलं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल घेऊन पळणाऱ्या पोराला दोन बाजूंनी दोघे धडकले. आवाज आला. प्लास्टिकवर प्लास्टिक, कोरडा, वरपर्यंत ऐकू येईल असा. लोक उठून उभे राहिले, जल्लोष. मग दोघे उठले आणि तिसरा उठला नाही. समोरच्या बाईंचं ओरडणं मधेच तुटलं तेव्हा मला कळलं की जर्सीवरचा नंबर तोच आहे.

दोन्हीकडची पोरं एकेक गुडघा टेकून बसली, तशी पद्धतच आहे म्हणे. ढोल थांबले. कडेला जी ॲम्ब्युलन्स मी आल्यापासून बघत होते (मला वाटलं कुणा म्हाताऱ्याला बरं वाटत नसेल) ती तिथे दर मॅचला उभीच असते. ट्रेनर त्याच्या डोक्यामागे गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी हेल्मेट घट्ट धरून ठेवलं, मान हलू नये म्हणून. बाई उभ्या होत्या. खाली धावल्या नाहीत. मी मृणालला विचारलं, अगं या जात का नाहीत? तर म्हणाली, आई मैदानात आलेली पोरांना आवडत नाही, बोलावलं तरच जातात. बाईंनी बिल्ला मुठीत धरला होता.

बऱ्याच वेळाने पोरगा उठून बसला, मग दोघांच्या आधाराने चालत बाहेर. टाळ्या. बाकावर पोचताच एकाने त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि दूर नेऊन ठेवलं. समीर म्हणाला, मुद्दाम नेतात, नाहीतर पोरं गुपचूप घालून परत आत घुसतात. टेक्सासात 2011 पासून कायदाच आहे, डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद, आणि परत यायला डॉक्टरचं लेखी पत्र आणि आईबापाची सही. नताशाज लॉ म्हणतात त्याला, आणि ही नताशा तिथला फुटबॉल नव्हे, सॉकर म्हणजे आपला फुटबॉल खेळायची!

हेल्मेट असताना डोक्याला मार कसा, हा माझा बाळबोध प्रश्न. तर हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. आणि चक्कर येऊन पडण्याइतका मोठा मार लागलाच पाहिजे असं नाही, वर्षानुवर्षांचे बारीक बारीक धक्केही साठत जातात. त्यातून होणाऱ्या आजाराला सीटीई म्हणतात, आणि त्याचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं. बॉस्टन युनिव्हर्सिटीने 2017 मध्ये एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, 110 मध्ये तो सापडला. हे मेंदू घरच्यांनी दान केलेले, म्हणजे बहुतेकांना आधीच शंका असणार, तेव्हा सगळ्याच खेळाडूंना होतो असा अर्थ नाही. समीरने हे लगेच सांगितलं. खेळाची बाजू घेताना त्याला आकडे तोंडपाठ असतात, 1905 मध्ये पोरं मरायला लागली तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने व्हाइट हाउसमध्ये मीटिंग घेतली आणि पुढच्याच वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकायची मुभा, आला इथपासून सगळं. म्हणजे आज लोक ज्या लांब पासवर वेडे होतात तो सुरक्षेसाठी आणलेला.

मला आठवत होती आपली दहीहंडी. चौदाच्या आतली पोरं नकोत, विमा काढा, पट्टा लावा, आणि खाली डीजे अजून एक थर मागतोय. तिथे मी बाल्कनीतून नाकं मुरडते, त्यामुळे इथे तोंड उघडायचा अधिकार मला आपोआपच आहे असं वाटत होतं.

पण खेळ सुरू झाल्यावर जे झालं त्याचा खरा राग आला. दोन मिनिटांत बँड, गाणी, चीअरलीडर्स, तेच लोक, तीच आरोळी, हिट हिम! आणि आमच्या बाजूच्या पोराने समोरच्याला असा काही उचलून आपटला की मीही उभी. पिशवीतल्या गोळ्या खाली सांडल्या. बाईंनीच वेचून दिल्या, त्यांना खालून फोन आला होता, मुलगा बोलत होता, तारीख-वार बरोबर सांगत होता. त्यांनी नाचोचा डबा माझ्यापुढे धरला. त्या लगेच खाली का गेल्या नाहीत हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं, मी नाचो घेतला.

हाफटाइमला रेवाचा बँड आला, दोनेकशे पोरं, एकाची पावलं चुकत नव्हती. खरं सांगू, तिकिटाचे पैसे तिथेच वसूल.

पार्किंगमधून बाहेर पडायला मॅचइतकाच वेळ लागला असेल, आणि त्यात घरचं भांडण. मृणाल म्हणाली फ्लॅग फुटबॉल खेळ ना, धडकायचं नाही, कमरेला लटकणारी पट्टी ओढायची. समीर म्हणाला हो, 2028 च्या ऑलिंपिकमध्येसुद्धा आहे. मलाही एकदम पटलं, मी म्हटलं, बघ ईशान, ऑलिंपिक!

ईशान खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मावशी, फ्लॅगच्या मॅचला कोण येतं माहितीये? चार आया आणि एक कुत्रा."