एडिंबरोतील निळी फीत

एडिंबरोच्या क्वीन स्ट्रीटवरील स्कॉटिश राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात मी गेले ती एकाच चित्रासाठी. ह्यू डग्लस हॅमिल्टन या आयरिश चित्रकाराने सुमारे १७८५ साली रंगवलेले हे चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे तैलचित्र आहे. ओघळलेले गाल, जड झालेल्या पापण्या आणि डोळ्यांखालची सूज पाहून हाच तो ‘बॉनी प्रिन्स चार्ली’, म्हणजे देखणा राजपुत्र चार्ली, हे मनाला चटकन पटेना.

याच संग्रहात ॲलन रॅमझीने १७४५ मध्ये एडिंबरोतच केलेले त्याचे छोटेखानी चित्र आहे. तेव्हा चार्ल्स चोवीस वर्षांचा होता आणि आजोबांनी गमावलेली इंग्लंड-स्कॉटलंडची गादी वडिलांसाठी परत मिळवायला निघाला होता. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिलला, स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर सरकारी सैन्याशी झालेल्या लढाईत तासाभरात सारा डाव मोडला. डोक्यावर ३०,००० पौंडांचे इनाम असताना तो पाच महिने डोंगरांत आणि बेटांवर लपत राहिला; तिथल्या गरीब माणसांपैकी कोणीही त्याला पकडून दिले नाही, हे मला त्या लढाईहूनही मोठे वाटते.

चाळीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या या दोन चित्रांत एकच गोष्ट कायम आहे, ती म्हणजे छातीवरून गेलेली ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ या सरदारी सन्मानाची निळी फीत. हा मान इंग्लंडच्या राजाने द्यायचा. चार्ल्सला तो, स्वतःला राजा मानणाऱ्या परागंदा वडिलांनी दिला होता. १७६६ मध्ये ते वारल्यावर पोपनेही त्याला राजा मानले नाही आणि तो ‘काउंट ऑफ अल्बनी’ म्हणून इटलीत राहू लागला. हॅमिल्टनने चेहरा जराही उजळवलेला नाही, पण फितीचा मान मात्र राखला आहे.

दारूने झालेली दशा, एवढाच अर्थ या चेहऱ्यातून काढणे मला पटत नाही. तो पीत असे आणि पत्नी लुईझा १७८० मध्ये त्याला सोडून गेली, हे खरेच आहे. पण वर्षानुवर्षे ज्या मुलीला त्याने दूर ठेवले, त्या शार्लटला त्याने अखेर औरस ठरवून बोलावून घेतले आणि १७८४ मध्ये ती त्याच्याजवळ राहायला आली. हे चित्र त्याच दिवसांतले आहे. हॅमिल्टनने तिचेही चित्र काढले आहे. म्हणून मला या चेहऱ्यावर पराभवापेक्षा, उशिरा का होईना, घरात कोणीतरी आपले माणूस असल्याचा निवांतपणा अधिक दिसला.

३१ जानेवारी १७८८ रोजी रोममध्ये, जन्मगावीच, त्याचा अंत झाला. शार्लट त्यानंतर दोन वर्षेही जगली नाही.