शिट्टी गळ्यात आली!

राजेंद्रनगरच्या मैदानावर आज कॉलनीतल्या पोरांचा फुटबॉल कोच म्हणून पहिल्यांदा उभा राहिलो. वीस वर्षं लेफ्ट विंगला धावलो, कधी घसा बसला नाही. आज अर्ध्या तासात बसला. एकदा चेंडू रेषेजवळ आला आणि माझा पाय आपोआप पुढे गेला. पोरं फिदीफिदी हसली. मॅच हरलो, 3-1. जाऊ दे.

नंतर पोह्यांवर जीरावन भुरभुरताना झागालो आठवला. ब्राझीलचा. तोही डावीकडचाच, बचावाला मागे धावत येणारा. 1958 आणि 1962चे वर्ल्डकप खेळाडू म्हणून जिंकलेला. 1970च्या स्पर्धेला तीन महिनेही उरले नव्हते, तेव्हा प्रशिक्षक सालदान्हाला काढून टीम याच्या हातात दिली. वय 38, आणि समोर पेले, ज्याच्यासोबत तो स्वतः खेळलेला! कालच्या जोडीदाराला आज "तू इथे उभा राहा" सांगायचं, हे डावपेचांपेक्षा अवघड असणार. (मला तर आठवीतली पोरं ऐकत नाहीत.) फायनलला इटलीला 4-1 हरवलं. खेळाडू आणि प्रशिक्षक, दोन्ही नात्यांनी वर्ल्डकप जिंकणारा तो पहिला. पुढे जर्मनीचा बेकेनबाउअर आणि फ्रान्सचा देशाँ.

गंमत बघा, 1998च्या फायनलला झागालोची टीम फ्रान्सकडून 3-0 हरली, तेव्हा फ्रान्सचा कॅप्टन देशाँच होता.

झागालोला 13 आकड्याचं भारी वेड होतं. घरी येऊन सांगितलं, पुढच्या रविवारी आपल्या स्ट्रायकरला 13 नंबर देतो. बायको म्हणाली, "आधी मिठाच्या पाण्याने गुळण्या करा."