एकही गोळी चुकवली नव्हती

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. केजमधल्या माझ्या दवाखान्यात त्या दिवसांत दुपारी दोननंतर सहसा कोणी फिरकत नाही. ज्याच्या घरी खरोखरच काही बिनसले आहे तोच त्या उन्हात बाहेर पडतो. म्हणून अडीचच्या सुमारास एका बाईंना दोघांनी जीपमधून उचलून आत आणले, तेव्हा मी काही सांगायच्या आधीच सिस्टरांनी ईसीजीचे यंत्र खाटेजवळ ओढून घेतले. बाई माझ्या जुन्या रुग्ण होत्या. वय ६२, मधुमेह सोळा वर्षांचा, त्याच्यामागून जडलेला रक्तदाब, आणि दर दोन महिन्यांनी न चुकता तपासणीला येण्याची शिस्त. मी त्यांना मावशी म्हणतो.

"सायेब, सकाळपासून मायला गुंगी यायलीय. पायात जीवच राहिला नाही म्हणायली," मुलगा म्हणाला.

मी नाडीवर बोटे ठेवली. पुढचा ठोका इतका उशिरा आला की आपलेच बोट सरकले असावे असे वाटून मी जागा बदलली. मिनिटाला ३४ ठोके. वरचा रक्तदाब ८०, हातपाय गार, बोटाच्या थेंबावर साखर २१२. छातीत दुखत नाही असे मावशींनी मान हलवून सांगितले, पण मधुमेहाच्या रुग्णाने दिलेल्या या उत्तरावर विसंबून राहता येत नाही. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा जशा बधिर होतात, तशाच हृदयाकडून वेदनेची वर्दी आणणाऱ्या नसाही बोथट होतात, आणि झटका येऊन गेला तरी वरून केवळ घाम, धाप किंवा ग्लानी एवढेच दिसते. माझ्या मनात पहिला संशय झटक्याचाच होता.

ईसीजीची पट्टी बाहेर येऊ लागली तसा तो संशय मागे पडला. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याआधी उमटणारी छोटी पी लहर पट्टीवर कुठेच नव्हती. खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाआधी उमटणारा आणि एरवी बारीक काटकीसारखा उभा राहणारा क्यूआरएस आडवा पसरला होता, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये लांबच लांब रिकामी रेष होती. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा मार्ग बंद पडला, म्हणजे हा हार्ट ब्लॉक, असे मी ठरवले. नाडी वाढवणारे ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले. नाडी ३६ झाली आणि पुन्हा ३४ वर आली. आता तात्पुरता पेसमेकर बसवण्यावाचून मार्ग नाही आणि त्यासाठी लातूर गाठावे लागेल, असे समजून मी १०८ ला फोन करायला सांगितला आणि पट्टीचा फोटो काढून लातूरला हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या माझ्या वर्गमित्राला पाठवला.

ज्या विलेम आइंटहोव्हेन यांनी ईसीजीच्या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली, त्यांचे मोठे यंत्र नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेतून हलवणे शक्य नव्हते. म्हणून १९०५ साली त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून रुग्णाच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणला. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फोटो पाठवताना मला त्यांची आठवण नेहमी होते, कारण तालुक्याच्या गावात एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरला दूरच्या दुसऱ्या डोळ्यांचा आधार किती मोठा असतो, हे त्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

उत्तर येईपर्यंत मी मावशींची फाइल काढली. फेब्रुवारीतली पट्टी आजच्या पट्टीशेजारी ठेवली आणि मग मघाशी जे नजरेतून सुटले होते ते दिसले. क्यूआरएसनंतर येणारी टी लहर फेब्रुवारीत बुटक्या टेकडासारखी होती. आज ती देवळाच्या कळसासारखी उंच आणि टोकदार झाली होती. केवळ हार्ट ब्लॉकमध्ये असे होत नाही. रक्तातले पोटॅशियम वाढले की होते.

"गोळ्यांची पिशवी आणलीय का?" मी मुलाला विचारले. त्याने कॅरीबॅग पुढे केली आणि मी ती टेबलावर उलटी केली. पाच पट्ट्या पडल्या. साखरेची मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन आणि एटेनोलॉल, या तिन्ही माझ्या. चौथी स्पायरोनोलॅक्टोन, पायांवरची सूज उतरावी म्हणून तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यातून सुरू झालेली, जिची मला वार्ताही नव्हती. पाचवी गुडघेदुखीची, डायक्लोफिनॅक असलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली.

"उलट्या, जुलाब काही झालं होतं?"

"पाव्हण्याच्या लग्नातून आल्यापासून दोन दिस दोन्ही चालू हाये. अन्न पोटात ठरना. ऊन लई म्हणून शहाळ्याचं पाणी तेवढं पाजलं, चार-पाच शहाळी झाली असतील."

"आणि गोळ्या?"

तोपर्यंत डोळे मिटून पडलेल्या मावशी यावर स्वतः बोलल्या. "एक बी चुकवली नाही. तुम्हीच म्हणला व्हता, उपास असला तरी गोळी चुकवायची नाही."

मी तसे म्हणालो होतो, यात शंका नाही. आमच्याकडे बरे वाटू लागले की गोळ्या बंद करण्याची सवय इतकी सार्वत्रिक आहे की हे एक वाक्य मी दिवसातून वीस वेळा उच्चारतो. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे उलट्या-जुलाब लागले आणि पाणी पोटात टिकेनासे झाले तर यातल्या अमुक गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवायच्या आणि मला कळवायचे, हा भाग मी मावशींना सोळा वर्षांत एकदाही सांगितला नव्हता. माझे ऐकले म्हणून त्या या खाटेवर आल्या होत्या. त्या क्षणी हा विचार करत बसायला वेळ नव्हता; रात्री होता, आणि मी तो केला.

सिस्टरांनी १० टक्क्यांच्या कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलिलिटरची अँप्यूल फोडून सिरिंज भरली. ती माझ्या हातात येते तोच लातूरहून उत्तर आले: "पोटॅशियम. आधी कॅल्शियम दे." लॅबच्या मुलाने रक्त नेले होते, पण अहवाल यायला चाळीस मिनिटे लागणार होती आणि अशी पट्टी हातात असताना अहवालाची वाट पाहायची नसते.

शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तात त्याचा अगदी थोडा अंश फिरतो. लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल एवढीच त्याची मर्यादा. आत आणि बाहेर यांच्यातल्या या तफावतीवरच हृदयाच्या पेशींमधली वीज चालते. बाहेरचे पोटॅशियम वाढले की ही तफावत घटते, पेशी अर्धवट सुस्तावतात, विजेचा वेग मंदावतो आणि पट्टीवरची काटकी पसरत जाते. वेळीच आवरले नाही तर हृदय थांबते. कॅल्शियमने पोटॅशियम तसूभरही कमी होत नाही, परंतु पेशींच्या आवरणाला अर्धा ते एक तास आधार मिळतो आणि तेवढ्यात पुढचे उपाय करता येतात.

हे ज्ञान ज्या गृहस्थांकडून आले त्यांचे नाव आमच्या दवाखान्यात रोज सलाईनच्या खांबावर टांगलेले असते. 'आर.एल.' या बाटलीतला 'आर' म्हणजे लंडनचे सिडनी रिंगर. १८८० च्या दशकात मिठाच्या पाण्यात ठेवलेले बेडकाचे हृदय तासन्‌तास धडधडत राहते असे त्यांना आढळले. पुढे कळले की ते पाणी शुद्ध नव्हते, साधे नळाचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले आणि नळाच्या पाण्यातले कॅल्शियमच ते चालवत होते, हे १८८३ साली त्यांनी प्रसिद्ध केले. पोटॅशियम जास्त झाले तर हृदय बंद पडते आणि कॅल्शियम त्याला विरोध करते, हेही त्यांच्याच प्रयोगांतून दिसले.

पाच मिनिटांत कॅल्शियम सावकाश आत गेले. दुसरी पट्टी काढली. काटकी किंचित आवळली होती, नाडी ४४. पुन्हा तेवढेच कॅल्शियम दिले. तिसऱ्या पट्टीवर क्यूआरएस जवळजवळ फेब्रुवारीसारखा झाला होता आणि त्याच्या आधी, अगदी पुसट, पी लहर होती. सिस्टरांनी ती बोटाने दाखवली. नाडी ५८.

आता पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचे होते आणि ते काम इन्सुलिन करते. दहा युनिट इन्सुलिन शिरेतून आणि त्यासोबत २५ ग्रॅम ग्लुकोज मी लावायला सांगितले, तेव्हा मुलगा कळवळून म्हणाला, "सायेब, शुगर दोनशेच्या वर हाये आन्‌ तुम्ही गुलकोज लावायलात?" त्याची हरकत योग्य होती आणि तिचे उत्तर देणे माझे काम होते. साखर अडीचशेच्या वर असती तर नुसते इन्सुलिन पुरले असते. पण किडनी मंदावलेली असते तेव्हा इन्सुलिनचा असर लांबतो आणि तासा-दोन तासांनी साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. म्हणून ग्लुकोज, आणि म्हणून पुढचे सहा तास दर तासाला बोटाचा थेंब. त्याच वेळी नेब्युलायझरवर साल्ब्युटामॉल सुरू केले. दम्याचे हे औषधही पोटॅशियमला पेशीत ढकलते. शिरेतून सलाईन चालूच होते.

अहवाल आला: पोटॅशियम ७.८, आणि किडनी मंदावली की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन ४.३. फेब्रुवारीत क्रिएटिनिन १.४ होते.

टेबलावरच्या त्या पाच पट्ट्यांनी काय केले होते ते आता सरळ दिसत होते. टेल्मिसार्टन मधुमेहींच्या किडनीला अनेक वर्षे जपते, कारण गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करून ते तिच्यातला जास्तीचा दाब उतरवते. मात्र जुलाबाने शरीर कोरडे पडले असताना हाच गुण अंगलट येतो. त्यात डायक्लोफिनॅकने आत येणारी वाहिनी आकसली की गाळायला दाबच उरत नाही. स्पायरोनोलॅक्टोन हे पोटॅशियम बाहेर टाकायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवते, आणि मधुमेहाने झिजलेल्या किडनीच्या रुग्णांत ते अल्डोस्टेरॉन मुळातच कमी असण्याचा संभव असतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. उरले एटेनोलॉल: ते हृदयाची गती उतरवते आणि किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनी बसताच तेही रक्तात साचत गेले. हृदय मंदावले, दाब पडला, किडनीला रक्त आणखी कमी मिळाले, पोटॅशियम आणखी चढले. या दुष्टचक्राला अलीकडे 'ब्रॅश' असे नाव मिळाले आहे. यातली एकही गोष्ट एकटी असती तर मावशी बहुधा घरीच बऱ्या झाल्या असत्या.

स्पायरोनोलॅक्टोन वाईट औषध आहे असे मला म्हणायचे नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदय अतिशय कमकुवत झालेल्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले. त्यानंतर डॉक्टरांनी ते सढळ हाताने लिहायला सुरुवात केली आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण, हृदय निकामी होऊन पूर्वी दाखल झालेल्या हजार वृद्ध रुग्णांमागे १९९४ मध्ये २.४ होते, ते २००१ मध्ये ११ वर गेले. २००४ सालचा तो निबंध मी पूर्वी वाचला होता. अभ्यासातल्या रुग्णांचे रक्त ठरावीक दिवसांनी तपासले जात होते. मावशींचे तीन महिन्यांत एकदाही तपासले गेले नव्हते. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांशी मी दुसऱ्या दिवशी फोनवर बोललो. त्यांना माझ्या गोळ्या माहीत नव्हत्या आणि मला त्यांची.

नाडी ६४ झाली तेव्हा लातूरचा बेत रद्द केला. पेसमेकरची गरज उरली नव्हती, डायलिसिसची होती, कारण पेशींत ढकललेले पोटॅशियम काही तासांनी पुन्हा बाहेर येते. ते अंबाजोगाईला होणार होते. दवाखाना बंद करून मी ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. सोबत कॅल्शियमच्या दोन सिरिंजा आणि ग्लुकोमीटर. लोखंडी सावरगावच्या आसपास मावशींच्या कपाळावर घाम दिसला. साखर ६२. आणखी ग्लुकोज दिले. मुलगा माझ्याकडे पाहत होता. या वेळी त्याने स्वतःच बाटली धरली.

एकदा डायलिसिस झाले. दुसऱ्या दिवशी लघवी मोकळी होऊ लागली आणि आठव्या दिवशी मावशी घरी आल्या.

जूनच्या अखेरीस त्या तपासणीला आल्या तेव्हा पोटॅशियम ४.८ आणि क्रिएटिनिन १.५ होते. स्पायरोनोलॅक्टोन आणि एटेनोलॉल मी बंद केले होते, त्यांच्याऐवजी ॲम्लोडिपिन आले होते, मेटफॉर्मिन निम्म्यावर आणले होते आणि टेल्मिसार्टन थोड्या मात्रेत पुन्हा सुरू केले होते. चिठ्ठीच्या पाठीमागे मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते, पण मावशींना वाचता येत नाही. "गोळ्या दाखवा," म्हटल्यावर त्यांनी कॅरीबॅग काढली नाही. कनवटीची चंची काढून तिची दोरी सोडली.

"ही रोजची," एका कप्प्यातून ॲम्लोडिपिनची पट्टी काढत त्या म्हणाल्या. मग पूर्वी चुन्याची डबी असायची त्या कप्प्यातून मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन काढून माझ्या टेबलावर वेगळ्या ठेवल्या. "ह्या दोन्ही बी रोजच्या, पण वकाऱ्या-जुलाब लागले की ह्या कप्प्याची दोरी सोडायची नाही. तवा तुम्हाला फोन."

"आणि गुडघ्याची?"

"ती नातवाला इकडं आणूच देत नाही. शेक घेते."