माणूस येणार आहे

माणूस येणार आहे म्हटलं की माझ्या हातून दुसरं काही होत नाही. माणूस म्हणजे पाहुणा नव्हे. पाहुण्यासाठी निदान पोहे भिजवता येतात. हा 'आज माणूस पाठवतो' मधला माणूस. गॅसचा, नळाचा, फ्रिजचा. तो येईपर्यंत अंघोळीला जायचं नाही, नेमकी तेव्हाच बेल वाजते. दूध तापत ठेवायचं नाही. पुस्तक घेऊन बसावं तर तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला जातो. मिरजेहून जर्मनीत स्टुटगार्टला येताना लोणच्याची बरणी बॅगेत फुटली, पण ही खोड मात्र शाबूत पोचली. त्या दुपारी ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर सगळं भांड्यात घालून, झाकण लावून मी मिक्सरच्या बटणाकडे बघत बसले होते. बटण दाबलं तर बेल ऐकू येणार नाही. इंटरनेटचा माणूस 12 ते 4 मध्ये केव्हाही येणार होता.

इथे इंटरनेट पोस्टानं येतं. म्हणजे आधी तुमचा अर्ज मिळाला म्हणून पत्र, मग माणूस अमुक तारखेला येईल म्हणून पत्र, मग युजरनेम-पासवर्डचं पत्र. अर्जाला बँक खात्याचा नंबर हवा, बँकेला पत्ता नोंदवल्याचा कागद हवा, आणि तो मिळायला आधी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा असा कायदा आहे, आणि नोंदणीच्या ऑफिसात अपॉइंटमेंट मिळते ती त्याच्या कितीतरी पुढची. यावर कोणी चिडताना दिसत नाही. मधल्या काळापुरतं प्रीपेड सिम घ्यावं, तर 2017 पासून ओळख पटवल्याशिवाय तेही चालू होत नाही. ओळख पटवायला पोस्टात जा, किंवा घरबसल्या व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून दाखवा. त्या कॉलला इंटरनेट चांगलं लागतं. मी पोस्टात गेले.

तोवर माझं ऑफिस, बँक आणि आई, सगळं शहराच्या मोठ्या लायब्ररीत भरत होतं. 2011 साली उघडलेला हा एक प्रचंड चौकोनी ठोकळा आहे, आतून पांढराशुभ्र, आणि बाहेरच्या चार भिंतींवर 'ग्रंथालय' हा शब्द चार भाषांत लिहिलेला: जर्मन, इंग्रजी, अरबी, कोरियन. वास्तुकार कोरियन, म्हणून कोरियन. वायफाय फुकट. पण तिथे आईशी बोलायची सोय नाही. तिला फोनवर हळू बोलता येत नाही. परदेश जितका लांब तितका आवाज मोठा, हा तिचा जुना हिशेब. ट्रंक कॉलच्या काळातला. मग मी बाहेर थंडीत उभी राहून तिच्याकडून भाजीचे भाव ऐकायचे.

शेजाऱ्यांचं वायफाय मागावं असं मनात आलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजी स्वभावानं गोड, पण पासवर्डचा विषय निघाल्यावर एकदम गंभीर झाल्या. पाहुण्यानं तुमच्या वायफायवरून एखादा सिनेमा उतरवला की पैसे भरा म्हणून वकिलाची नोटीस तुमच्याच नावे यायची, असा इथला अनुभव. 2017 मध्ये कायदा बदलला आणि वायफाय देणाऱ्याची ती जबाबदारी बरीचशी गेली. भीती काही गेली नाही. आजींनी पासवर्डऐवजी सफरचंदाचा केक दिला. तोही चांगला होता.

आमच्या मिरजेच्या गल्लीत एक फोन अख्ख्या आळीला पुरायचा. समोरच्या काकांचा नंबर आम्ही बिनदिक्कत सगळ्यांना देऊन ठेवलेला, कंसात 'पीपी' लिहून. फोन आला की काकू खिडकीतून हाक मारायच्या आणि ज्याचा फोन तो चपला न घालता धावायचा. बोलणं त्यांच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत. आमच्या ताईचं लग्न ठरल्याची बातमी आमच्याआधी काकूंना कळली, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

बाबांनी फोनसाठी नाव नोंदवलं होतं. पावती लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, आजीच्या पाटल्यांशेजारी. 'नंबर लागला का हो?' हे लोक विचारायचे आणि बाबा मान हलवायचे. वर्षं गेली. अखेर नंबर लागला, तर लाइनमन यायचा राहिला. तो रोज उद्या यायचा. उद्या म्हणजे आई घरी थांबणार, मंडईत जाणार नाही, आणि आम्हाला सांगून ठेवणार की दाराशी क्रिकेट खेळू नका, माणूस येणार आहे. आला तेव्हा कमरेला पट्टा, खांद्यावर तारेचं वेटोळं, आणि हातात त्याचा स्वतःचा फोन, डबडा नसलेला, नुसता रिसीव्हर. तो त्यानं खांबावर चढून तारेला चिमट्यानं लावला आणि एक्सचेंजमधल्या कोणाशी तरी मनसोक्त गप्पा मारल्या. आम्ही पोरं खाली माना वर करून उभी. घरात फोन आल्यावर आईनं त्याला विणलेलं झाकण केलं आणि बाबांनी डायलला इवलंसं कुलूप लावलं. पुढे दर दिवाळीला लाइनमन पोस्त मागायला यायचा आणि आई आवर्जून द्यायची, कारण पावसाळ्यात लाइन बंद पडली की गाठ त्याच्याशीच होती.

इथे पोस्त नाही, पण कायदा आहे. ठरलेल्या वेळी माणूस आला नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते: 10 युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या 20 टक्के, जे जास्त असेल ते. डिसेंबर 2021 पासून. या दरानं आईच्या सगळ्या 'उद्यां'चा हिशेब केला तर मिरजेत एक फ्लॅट सहज आला असता.

ही कलमं मला माहीत आहेत, कारण आधी एकदा माणूस येणार होता त्या दिवशी मी जिना झाडत होते. या भागात 'केअरवोखं' असते: आठवडाभर तुमच्या दाराला पाटी लटकते आणि जिना झाडायची पाळी तुमची. माणसाची वाट बघताना मला जमणारं हे एकमेव काम. दार उघडं, बेल समोर. वर इथे फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर आडनाव असतं, आणि माझं मी ठळक अक्षरांत चिकटवलं होतं. झाडू हातात घेऊन मी दारातच उभी असताना मोबाइलवर मेसेज आला, की आमचा तंत्रज्ञ येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते.

या वेळी मात्र पावणेचारला बेल वाजली. त्याला तळघर हवं होतं. किल्ली आजींकडे. खाली फळ्यांनी पाडलेले कप्पे, सायकली, रिकाम्या बाटल्या, आणि भिंतीवर एक करडी पेटी. त्यानं ती उघडली. आत केसांसारख्या बारीक रंगीत तारांच्या जोड्या. त्यानं कमरेचा रिसीव्हर काढून चिमटा एका जोडीला लावला, कानाला धरून डोळे मिटले, मग दुसरीला, वैद्य नाडी बघतो तसा. फक्त गप्पा मारल्या नाहीत.

'अजून तांब्याचीच तार?' मी विचारलं. तो हसला. 1981 मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर हेल्मुट श्मिट यांच्या मंत्रिमंडळानं देशभर फायबर टाकायचं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी सरकार बदललं, चॅन्सलर म्हणून हेल्मुट कोल आले, आणि जोर टीव्हीच्या केबलवर गेला. फायबर मागे पडलं ते पडलंच.

इंटरनेट चालू झालं. खोबरं तोवर कोरडं पडलं होतं, चटणी बरी झाली. फाइल लावायला म्हणून कागद गोळा केले तेव्हा करार नीट वाचला: 24 महिने. माझा व्हिसा त्याच्या बराच आधी संपतो. नोकरीचं पत्रही तेवढंच. इथे येऊन मी जेवढ्या कागदांवर सह्या केल्या त्यात मी इतके दिवस इथे राहणार असं धरून चाललेला हा एकच. वाढेल व्हिसा, ऑफिसात सगळे म्हणतात वाढतो. त्याच्यासाठीही अपॉइंटमेंट घ्यायची आहे.