वर्षातून पाच-सहा वेळा लागणारा फास्टॅग

२०२४ च्या दसऱ्याची गोष्ट. लेक हैदराबादला नोकरीला, गच्चीबावलीत राहतो. सोलापूरहून त्याच्याकडे निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी आमचे हे, मागच्या सीटवर कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणीच्या दोन पिशव्या. फुलवाडीचा टोल झाला, तलमोडचा झाला. उमरगा मागे टाकून कर्नाटकात शिरलो आणि पुढच्या टोलवर दांडा काही वर जाईना. केबिनमधला पोरगा हातात मशीन घेऊन बाहेर आला, काच फडक्यानं पुसली, मशीन आरशामागे धरलं, परत धरलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ब्लॅकलिस्ट अद री, अक्का."

म्हणजे तासाभरापूर्वी चालणारा टॅग आता काळ्या यादीत. खात्यात पैसे होते, हे मला पक्कं माहीत होतं. मागे ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी रोख दुप्पट भरले. पुढे तेलंगणात कमकोलेला परत दुप्पट. येताना सगळीकडे तेच. सहाशेच्या वर जास्तीचे गेले, वहीत लाल पेननं लिहून ठेवलेत.

कारण घरी आल्यावर कळलं. तो टॅग गाडी घेताना शोरूमवाल्यांनी चिकटवून दिलेला. कुठल्या बँकेचा, कुणाच्या नंबरवर, आम्ही कधी विचारलंच नाही. केवायसी अपुरी होती. त्याबद्दलचे मेसेज बँक इमानदारीत पाठवत होती, पण ते जात होते ह्यांच्या जुन्या नंबरवर, जो आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केला होता. आता नंबर बदलायचा तर ओटीपी लागणार, आणि ओटीपी येणार जुन्या नंबरवर! कस्टमर केअरला अकरा वेळा फोन केला. अकराव्यांदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या जवळच्या शाखेत जा." त्या बँकेची सोलापुरात शाखाच नव्हती.

तेव्हा ठरवलं, नवा टॅग घ्यायचा आणि या वेळी विचारून घ्यायचा.

माझं गाडी चालवणं किती, ते आधी सांगते. अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईचं छोटं काम आहे, तिथं जाणं-येणं स्कूटीवर. गाडी बाहेर निघते ती धाकट्या बहिणीकडे विजापूरला, लेकाकडे हैदराबादला, एखादं लग्न असलं तर पुण्याला आणि नवरात्राच्या आगेमागे तुळजापूरला. मधले दोन-दोन महिने गाडी आमच्या जुळे सोलापूर भागात झाकून उभी. टॅगच्या जाहिराती मात्र सगळ्या रोज फिरणाऱ्यांसाठी. कॅशबॅक, ऑफर, पहिल्या रिचार्जवर अमुक. आपल्याला त्यातलं काही मिळत नाही. ज्याचा टॅग दोन महिने झोपतो त्याला एवढंच हवं, की जागं करायला गेल्यावर तो जागा व्हावा.

बहिणीच्या मिस्टरांनी तर फोनवर विचारलं, "वैनी, आमच्याकडचाच घ्या की, कर्नाटकात त्रास व्हणार नाही." बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणून लिहिते. टॅग विजापुरात घ्या, सोलापुरात घ्या नाहीतर हैदराबादला, देशभर एकच चालतो. काचेवरच्या स्टिकरला बॅटरी-बिटरी काही नसते. टोलवरचं मशीन लहरी सोडतं, त्यावर तो आपला नंबर सांगतो. टोलची बँक तो नंबर एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी तीच संस्था) एनईटीसी या देशभरच्या टोल यंत्रणेतून टॅग देणाऱ्या बँकेला विचारते, आणि पैसे तिथून वळते होतात. राज्याची हद्द त्यात कुठंच येत नाही. आणि 'एक गाडी, एक फास्टॅग' असा नियम असल्यामुळे दोन राज्यांचे दोन ठेवू म्हटलं तरी ठेवता येत नाहीत.

पहिला पर्याय टोलजवळ छत्री टाकून बसलेली पोरं. सावळेश्वरच्या अलीकडे एकानं मला दहा मिनिटांत देतो म्हणून सांगितलं. देईलही. पण पुढच्या महिन्यात ती छत्री तिथं असेल का? आणि आरसीचा फोटो, आधारचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये ठेवून यायचं मला काही पटलं नाही. दुसरा पर्याय ॲपवरून घरपोच. सोपा, पण अडचण आली तर पुन्हा तीच फोनवरची कॅसेट. तिसरा, जिथं माझं धंद्याचं खातं आहे ती पार्क चौकाजवळची शाखा. तिथल्या काउंटरवरच्या बाई मला नावानं ओळखतात. युनिफॉर्मच्या सीझनमध्ये मी आठवड्यातून तीनदा तिथं असते. मी तोच घेतला. टॅगचे आणि अनामतीचे मिळून तीनशे लागले. ॲपवाला त्याहून स्वस्त देत होता, हे मला ठाऊक होतं.

घेताना बाईंना दोन गोष्टी विचारल्या. नोंदणीला नंबर माझाच लागेल ना, आणि पैसे थेट खात्यातून कापणार की टॅगच्या वेगळ्या पाकिटातून, म्हणजे वॉलेटमधून. काही बँका टॅग सरळ खात्याला जोडतात. रिचार्जची कटकट नाही, हे खरं. पण गाडी दारात उभी असताना भलत्याच टोलचा मेसेज आलेले लोक मला माहीत आहेत. अशी तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे करायची असते आणि पैसे परतही येतात, पण तोवर माझ्या शिलाई कारागिरांचा शनिवारचा पगार त्याच खात्यात असतो. म्हणून वेगळं पाकीट. त्यात पाचशे-सातशे ठेवते, पुरतात. रक्कम कमी झाली की आपोआप भरणारी सोय मी मुद्दाम घेतली नाही. आदल्या रात्री ॲप उघडून बघायला भाग पडतं, आणि मला तेच हवंय.

जुना टॅग बंद करणं हा वेगळा अध्याय. बाईंनी नवीन टॅग गाडीच्या नंबरवर चढवायला घेतला तर आधीचा अजून नोंदलेला दिसला. आरसी, आधार आणि अर्ज दिला, मग आठ दिवस लागले. हे ज्यांना प्रवासाच्या आदल्या दिवशी सुचेल त्यांना देव वाचवो.

मग आला वार्षिक पास. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपये. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नवीन स्टिकर लागत नाही, आहे त्याच टॅगवर राजमार्गयात्रा ॲपमधून चालू होतो. भाच्यानं लगेच घेतला आणि मला म्हणाला, "मावशी, पंधरा रुपयांत टोल पडतो, घेऊन टाक." पंधरा रुपये पडतो, पण दोनशे वेळा टोल ओलांडला तर! तो नोकरीला धाराशिवला जातो, तामलवाडीच्या टोलवरून आठवड्यातून दोन-तीनदा ये-जा. त्याला ते गणित बसतं. रोज ये-जा असती तर जाणं एक आणि येणं एक असं मोजून शंभर दिवसांतच संपला असता.

मी वही काढली. गेल्या वर्षभरात विजापूर तीनदा, हैदराबाद एकदा, पुणे एकदा, तुळजापूर दोनदा. सगळा टोल मिळून बावीसशेच्या आत. शिवाय विजापूरहून मी त्याच दिवशी परत येते, आणि राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परतलं तर दोन्ही वेळचा मिळून दीडपटच पडतो. टॅग असला की ते आपोआप होतं. पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. हैदराबादला पोचून आउटर रिंग रोडवर चढलं की पाकिटातूनच कापणार. पुण्यापुढे मुंबई एक्सप्रेसवेला गेलं तरी तेच, समृद्धीवरही तेच. उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत नाहीत. लेकाकडे वर्षातून तीनदा जायला लागले तर मात्र पास परवडेल, आणि तसं तो सुनेसकट म्हणतोय. बघू. नातवंड झालं की वही परत काढीन.

१५ नोव्हेंबर २०२५ ला नियम आला, की टॅग चालला नाही तर रोख दुप्पट, पण यूपीआयनं भरलं तर सव्वापट. हे वाचून ह्यांनी मला विचारलं, "मग एवढा खटाटोप केलाच कशाला?" मी उत्तर दिलं नाही. तो ट्रकचा हॉर्न ह्यांनी ऐकलाच नव्हता, झोपले होते.

नवा टॅग आरशामागे मध्यभागी लावलाय. जुना ओढून काढला तेव्हा फाटला. तो तसाच असतो, एका काचेवरून काढून दुसऱ्या काचेला लावता येत नाही. पण त्याचा चिकटा अजून काचेवर आहे, चौकोनी, त्यात आता धूळ बसून काळा झालाय. खोबरेल लावलं, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. शिलाईच्या कारखान्यातला एक पोरगा म्हणतोय, मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. परवा विजापूरला निघायच्या आधी तेही करून बघते.