ऑपरेशन्सचं काम अंगावर पडलं तेव्हा – माझा अनुभव

मी चार वर्षं एका कोरुगेटेड बॉक्स बनवणाऱ्या युनिटमध्ये ऑर्डर आणि बिलिंग बघत होते. प्रॉडक्शन मॅनेजर सोडून गेले तेव्हा सर म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत तू बघ. तो माणूस काही मिळाला नाही आणि आता दोन वर्षं होत आली, मीच बघतेय. सुरुवातीला जे समजायला सगळ्यात जास्त त्रास झाला ते लिहून ठेवते, कारण अशी अचानक जबाबदारी आलेले खूप जण असतात आणि पहिल्या दिवशी त्यांना कोणी काही सांगत नाही.

माझी समजूत एकच होती, सगळी मशीन चालू आणि सगळी माणसं कामात म्हणजे ऑपरेशन्स नीट चाललंय. त्यामुळे मी दिवसभर फ्लोअरवर फिरायचे आणि कोणी रिकामं दिसलं की त्याला काम लावायचे. तरी माल उशिराच जायचा. ज्या पार्टीचा फोन आला तिचा जॉब, म्हणजे ऑर्डर, मी ओढून पुढे घ्यायचे, म्हणजे पंचिंगवर (इथे शीट बॉक्सच्या आकारात कापली जाते) चढलेली डाय, म्हणजे कापायचा साचा, उतरवा, दुसरी चढवा, सेटिंग करा, आणि तेवढ्यात मागे राहिलेल्या पार्टीचा फोन. असे जवळजवळ दोन महिने गेले. झोप लागायची नाही, खरंच.

मग एकदा एका जॉब कार्डाला मी कोरा कागद पिन केला आणि प्रत्येक मशीनवरच्या माणसाला सांगितलं की माल आला की वेळ लिहा, हातात घेतला की वेळ लिहा, पुढे गेला की परत लिहा. मधूनमधून स्वतः जाऊन बघायचे. कोरुगेशनला (कागद नागमोडी करायला) ४० मिनिटं लागली, शीट पेस्टिंगला (कागदाचे थर चिकटवायला) ४५, पंचिंगला डाय सेटिंग धरून २ तास, साइड पेस्टिंगला (बॉक्सची बाजू चिकटवायला) १ तास, बंडल बांधायला २० मिनिटं. म्हणजे सगळं मिळून पावणेपाच तासांचं काम. पेस्टिंगनंतर शीट नीट वाळायला एक रात्र द्यावीच लागते, ओली शीट पंचिंगला घेतली तर फ्लूट, म्हणजे मधला नागमोडी थर, दबतो, ती रात्रही धरा. आणि जॉब बाहेर पडला ११ दिवसांनी! उरलेले सगळे दिवस तो नुसता पडून होता, त्यातलेही बहुतेक पंचिंगच्या समोर.

त्या वेळी मी ऑपरेशन्सचं थोडं वाचायला लागले होते आणि त्यात लिटलचा नियम सापडला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. आत अडकलेलं काम म्हणजे रोज बाहेर पडणारं काम गुणिले एका कामाला लागणारे दिवस, सगळं सरासरीने. मी उठून फ्लोअरवर गेले आणि अर्धवट जॉब मोजले, ८८ भरले. रोज आमचे ८ जॉब निघायचे. ८८ भागिले ८, ११ दिवस. कागदावर जे आलं होतं तेच! मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ, कारण दोन महिने मी माणसांना घाई करत होते आणि घाईने तो आकडा हलणारच नव्हता, एकतर आत अडकलेला माल कमी करायला हवा होता नाहीतर रोज जास्त जॉब निघायला हवे होते.

पंचिंग मशीन एकच, दोन शिफ्ट. म्हणजे ९६० मिनिटं. एका जॉबला ७० मिनिटं सेटिंग आणि ५० मिनिटं रनिंग, १२० झाली, म्हणजे दिवसाला ८ च्या वर जाणारच नाही. कोरुगेशन मात्र दिवसाला १४-१५ जॉब सहज काढायचं आणि आम्ही ते काढू द्यायचो, कारण मशीन बंद दिसलं की जिवाला बरं वाटायचं नाही. वरचं मशीन जितकं जोरात चालेल तितका ढीग वाढणार, डिलिव्हरी काही लवकर होणार नाही, ही एवढीशी गोष्ट पण ती डोळ्याने मोजेपर्यंत पटत नाही.

टोयोटाच्या ताइची ओनो यांना कानबानची, म्हणजे पुढे लागेल तेवढाच माल मागून बनवायची, कल्पना सुपरमार्केटच्या शेल्फवरून आली होती, गिऱ्हाइकाने जेवढं उचललं तेवढंच परत भरायचं. आम्ही त्याचं अगदी साधं रूप केलं. पंचिंगसमोर जमिनीवर पिवळ्या रंगाने १० चौकोन आखले, एका चौकोनात एका जॉबचा माल. रात्रभर वाळायला लागतं म्हणून १०, नाहीतर कमी पण चालले असते. सगळे चौकोन भरले की कोरुगेशन थांबणार. पहिल्याच दिवशी दुपारी चौकोन भरले आणि कोरुगेशनची चार माणसं उभी, नेमके सर फ्लोअरवर आले. ते नाराज झाले हे सांगायलाच नको. त्यांनी विचारलं, माल फ्लोअरवर नाही थांबला तर ऑर्डर ऑफिसात थांबणार, पार्टीला काय फरक?

प्रश्न बरोबर होता आणि मला त्याचं अर्धंच उत्तर येत होतं. ऑर्डर कागदावर असेपर्यंत साइज बदलता येते, प्रिंट बदलता येते, एकाच डायचे दोन जॉब मागेपुढे लावता येतात, शीट बनली की ते सगळं संपलं. पण तारीख खरोखर अलीकडे यायला पंचिंगमधून जास्त माल निघायलाच हवा होता. उरलेलं उत्तर ते होतं, आणि ते पंचिंगवरच्या काकांकडून मिळालं.

काका वीस वर्षं तेच मशीन चालवतायत. मी घड्याळ घेऊन एक पूर्ण डाय चेंज बघितला. मशीन बंद झाल्यावर हेल्पर डाय शोधायला रॅककडे गेला, डायवर नंबर नाही म्हणून तीन काढून बघितल्या. मग पाना शोधला, तो पेस्टिंगवाल्यांकडे होता. मग डायवरचा रबर निघालेला दिसला, तो चिकटवला. काका म्हणाले, "ताई, मशीन थांबल्यावर आम्ही जे करतो त्यातलं निम्मं मशीन चालू असतानाच होऊ शकतं, पण मला दुसरा माणूस कोण देतो?" टोयोटासोबत काम केलेले जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी नेमकं हेच मांडलं होतं, मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम वेगळं आणि चालू असताना करता येणारं वेगळं. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसचं सेटिंग ४ तासांवरून आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणलं गेलं होतं. आपल्याकडे दुसरा माणूस होता की, कोरुगेशन थांबलं की रिकामे राहणारे चौघं. त्यातल्या एकाला काकांच्या हाताखाली दिला. प्रत्येक डायवर नंबर टाकले, पुढच्या जॉबची डाय तपासून, रबर बघून ट्रॉलीवर तयार ठेवायची, पाना मशीनलाच साखळीने बांधला. सहा आठवड्यांत ७० मिनिटांवरून ३० वर आलो. आता एका जॉबला ८० मिनिटं, म्हणजे दिवसाला १२ निघायला हवेत, प्रत्यक्षात ११ निघतात. आत साधारण ४४ जॉब असतात, म्हणजे ४ दिवस. सरांनी त्यानंतर रिकाम्या माणसांबद्दल एकदाही विचारलं नाही.

याचा अजून एक फायदा मला नंतर कळला. आधी नेहमीच्या पार्टीचे बॉक्स आम्ही दोन-दोन महिन्यांचे काढून ठेवायचो, डाय चढलीच आहे तर काढून घ्या म्हणून, आणि पार्टीने प्रिंट बदललं की तो माल रद्दीत. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच लॉटचं, म्हणजे एका वेळी किती माल काढायचा याचं, गणित मांडलं होतं, त्यात फायदेशीर लॉट सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ७० चं ३० झालं तर लॉट सुमारे दोन तृतीयांश पुरतो. तेवढा आम्ही कमी केला आणि गोडाऊनमध्ये चालायला जागा झाली.

कागदाच्या रीलचं फार सांगण्यासारखं नाही. रील यायला जितके दिवस लागतात तितक्या दिवसांचा खप अधिक थोडा जादा साठा, इतकं उरलं की ऑर्डर टाकायची. फक्त खपाचे आकडे स्टोअरच्या रजिस्टरवरून घ्या, कोणाच्या अंदाजावरून नको.

सेल्सशी मात्र अजून वाद होतो. ते म्हणतात, रोज ११ निघतात ना, मग ११ घे. मी १० च्या वर शब्द देत नाही. काम वेळी-अवेळी येतं आणि प्रत्येक जॉबला कमी-जास्त वेळ लागतो असं धरलं तर एका मशीनवर ८० टक्के लोड असताना रांगेतली सरासरी वाट कामाच्या वेळेच्या ४ पट असते, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. १५ टक्के जास्त लोडसाठी वाट जवळजवळ पाचपट! आमचं मशीन अगदी या गणितासारखं नाही, पण दिशा तीच आहे हे मी रोज बघते, ज्या आठवड्यात ११ चे ११ घेतले त्या आठवड्यात एक ब्लेड तुटलं तरी सगळं कोलमडतं. हा तक्ता मी सेल्सच्या टेबलासमोर लावलाय.

मागच्या महिन्यापासून पंचिंगसमोरचे चौकोन बऱ्याचदा रिकामे दिसतात आणि साइड पेस्टिंगच्या टेबलाजवळ माल साचायला लागलाय. काकांनीच आधी दाखवलं, मला दोन दिवसांनी जाणवलं. काल तिथून जाणाऱ्या एका जॉब कार्डाला परत कोरा कागद पिन केलाय.